आई-बाबांबरोबर ऑक्टोबरमध्ये ब्लॅक फॉरेस्ट : कुठे राहावं, काय बघावं?

पारिजातक | ३ सप्टेंबर

नमस्कार मंडळी, आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, दोन वर्षं झाली. आई-बाबा वाईहून पहिल्यांदाच येतायत, दसरा घरी करून निघणार आणि दिवाळीच्या आत परत. त्यांना ऑक्टोबरच्या शेवटी चार दिवस श्वार्त्सवाल्ड म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट दाखवायचं डोक्यात आहे. बाबा ७१, तब्येत ठणठणीत, दिवसाला ७-८ किलोमीटर सहज चालतील. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण उतार आला की त्रास होतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडं केकमधलं चालतं, दारू केकमधली पण चालत नाही. बाबांना फक्त एकच गोष्ट हवीय, कुकू क्लॉक, लहानपणी कुणाच्या तरी घरी बघितलं होतं म्हणे आणि ते अजून विसरले नाहीत. आम्ही दोघांनी आतापर्यंत फक्त टिटीझे लेक बघितलाय तोही ऑगस्टच्या गर्दीत, त्यामुळे अनुभव शून्य धरा. मला लाल-केशरी पानं बघायची आहेत, फोटोत दिसतात तशी. गाडी घ्यावी का ट्रेनने जावं? एका जागी राहावं का रोज बदलावं?

मोरपीस | ३ सप्टेंबर

वा, मस्त प्लॅन. वाचतेय, आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

घाटवाट | ३ सप्टेंबर

पारिजातक, आम्ही चार वेळा गेलोय, तीनदा ऑक्टोबरमध्येच. सगळ्यात आधी मुद्दा असा की रोज जागा बदलू नका. हा भाग उत्तर-दक्षिण साधारण १६० किलोमीटर लांब आहे, चार दिवसांत सगळा होत नाही आणि करूही नका. उत्तरेला बाडेन-बाडेन, मुमेलझे, फ्रॉयडेनश्टाट, मध्ये ट्रिबेर्ग आणि गुटाख, दक्षिणेला फ्रायबुर्ग, टिटीझे, फेल्डबेर्ग. आई-बाबा बरोबर असतील तर मी दक्षिण घेईन आणि मधलं एक दिवस. फ्रायबुर्गला एक रात्र करा आणि पुढच्या तीन हिंटरझार्टेनला, छोटं गाव आहे, ट्रेन थांबते, आजूबाजूला सपाट वाटा आहेत. टिटीझे तिथून पुढचंच स्टेशन, पण तिथे दुकानांची गर्दी फार, लेकला एक चक्कर मारा आणि निघा.

राहायला जाल तिथे कोनुस कार्ड विचारा. राहण्याच्या बिलात पर्यटन कर असतोच, त्यातूनच हे कार्ड मिळतं आणि त्यावर त्या भागातल्या बस आणि लोकल ट्रेन फुकट. सगळ्या गावांत मिळत नाही, त्यामुळे बुकिंगच्या आधी विचारायचं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही.

रूळवेडा | ४ सप्टेंबर

गाडी नको, ट्रेन घ्या!! हे मी अगदी मनापासून सांगतोय. इथले दोन मार्ग असे आहेत की ते प्रवासाचं साधन नाहीत, तेच बघायचं ठिकाण आहे.

पहिला श्वार्त्सवाल्डबान, ओफेनबुर्गहून ट्रिबेर्गवरून पुढे कॉन्स्टान्सकडे. रोबर्ट गेर्विग नावाच्या इंजिनियरने आखला, १८७३ ला पूर्ण झाला, ३९ बोगदे. होर्नबेर्ग ते सेंट गेओर्गेन सरळ अंतर ११ किलोमीटर असेल पण रूळ २६ किलोमीटर फिरून जातात, डोंगराला वळसे घालत घालत, म्हणजे चढ कुठेही १:५० च्या वर जाऊ द्यायचा नाही म्हणून. आपला बोरघाट याच्या दहा वर्षं आधी १८६३ ला सुरू झाला, तिथे चढ १:३७, आणि जागा नव्हती म्हणून खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायची सोय केली होती, रिव्हर्सिंग स्टेशन. एकच अडचण आणि दोन वेगळी उत्तरं, मला हे फार भारी वाटतं. ट्रिबेर्गला एक जागा आहे जिथून तोच रूळ तीन उंचीवर दिसतो, बाबांना नक्की न्या.

दुसरा ह्योलेनटालबान, फ्रायबुर्ग ते टिटीझे, तुम्हाला हिंटरझार्टेनला जाताना लागेलच. १८८७ चा. सुरुवातीला चढावर दातेरी रूळ होता, कारण चढ जवळजवळ १:१८. आता साधी इलेक्ट्रिक गाडी तो चढ चढते. गंमत अशी की दरी सुरू व्हायच्या आधीच्या स्टेशनचं नाव हिमेलराईख म्हणजे स्वर्गाचं राज्य आणि त्यानंतर लागते ती ह्योलेनटाल म्हणजे नरकाची दरी. वरती रावेना पुलावरून जाताना खाली बघा, नऊ कमानींचा दगडी पूल आहे.

घाटवाट | ४ सप्टेंबर

रूळवेडा, ट्रेनला अनुमोदन, पण एक दिवस तरी गाडी लागेल. फुर्टवांगेनच्या वरची दान्यूब नदीची सुरुवात, किंवा उत्तरेकडचा हायवे ५००, तिथे बस असतात पण कमी, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला थंडीत बस स्टॉपवर तासभर उभं करणं बरं नाही.

रूळवेडा | ४ सप्टेंबर

हे मान्य. तीन दिवस ट्रेन, एक दिवस गाडी.

कडीपत्ता | ५ सप्टेंबर

मी फ्रायबुर्गला फॉरेस्ट्रीत मास्टर्स करतोय त्यामुळे लाल पानांबद्दल थोडं सांगतो, नाहीतर तिथे जाऊन निराश व्हाल ताई.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये बहुतेक झाडं सूचिपर्णी आहेत, फिश्टं म्हणजे स्प्रूस आणि टानं म्हणजे फर. ती ऑक्टोबरमध्येही हिरवीगारच असतात, अगदी काळपट हिरवी. कॅनडासारखे पूर्ण लाल डोंगर इथे दिसणार नाहीत. रंग जिथे बूखं म्हणजे बीच आहे तिथे, आणि तो लाल नाही, आधी पिवळा मग तांब्यासारखा. चेरीची झाडं मात्र खरी लाल होतात, ती खालच्या दऱ्यांमध्ये शेतांच्या कडेने आहेत. आणि द्राक्षमळे! फ्रायबुर्गच्या पश्चिमेला कायझरश्टूल नावाच्या जुन्या ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत, तिथे ऑक्टोबरच्या शेवटी पायऱ्या-पायऱ्यांचे मळे पिवळे-तपकिरी-लाल झालेले असतात.

आता हे इतकं स्प्रूस इथलं मूळचं नाही. मूळ जंगल बीच आणि फरचं. खाणी, काचेच्या भट्ट्या, कोळसा यासाठी शेकडो वर्षं तोड झाली, आणि मोठे ओंडके तराफे बांधून किन्सिग नदीतून ऱ्हाईनमध्ये आणि तिथून थेट हॉलंडला जायचे, जहाजांना आणि घरांच्या पायाला. एकोणिसाव्या शतकात डोंगर उघडे पडले तेव्हा परत लागवड केली ती पटकन वाढणाऱ्या स्प्रूसची. तेच आता अंगाशी आलंय. स्प्रूसची मुळं उथळ असतात. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार नावाचं वादळ आलं आणि काही तासांत डोंगरच्या डोंगर आडवे झाले. नंतर २०१८ पासून लागोपाठ कोरडे उन्हाळे, त्यात खोडकिडा. तुम्हाला मध्येमध्ये राखाडी, वाळलेले पट्टे दिसतील, ते शरद ऋतूमुळे नाही, ती झाडं मेलेली आहेत. मला दरवेळी बघून वाईट वाटतं.

ओळखायची सोपी खूण: फरचे कोन फांदीवर मेणबत्तीसारखे वर उभे असतात आणि तिथेच सुटे होऊन गळतात, स्प्रूसचे खाली लोंबतात आणि अख्खे पडतात. म्हणजे जमिनीवर जो लांबट अख्खा कोन सापडेल तो स्प्रूसचा. फरची सुई उलटी करून बघा, खाली दोन पांढऱ्या रेघा असतात.

गाडी घेऊन उत्तरेला गेलात तर हायवे ५०० वर लोथारफाड आहे. वादळात पडलेली झाडं तशीच ठेवलीयत आणि त्यातून ८०० मीटरची लाकडी वाट केलीय. पायऱ्या आहेत, काकूंना अवघड जाईल. पण काकांना दाखवा. त्या भागात २०१४ ला नॅशनल पार्क झालं, तिथे मश्रूम वगैरे काही तोडायचं नाही.

मोरपीस | ५ सप्टेंबर

कडीपत्ता, किती छान समजावून सांगितलंत! मी इतकी वर्षं सगळ्यांनाच पाईन म्हणत होते.

खमंग | ६ सप्टेंबर

खाण्याचं मी सांगते, बारा वर्षं इथे शाकाहारी राहून झालीयत.

केझेश्पेट्झ्ले डोळे मिटून मागवा, चीज घातलेल्या छोट्या शेवयांसारखा प्रकार आणि वरून तळलेला कांदा, पोट भरतं (त्यात अंडं असतं, आईंना विचारून घ्या). माउलटाशेन नको, आत मांस असतं. फ्लामकूखेन म्हणजे पातळ पापुद्र्यावर क्रीम आणि कांदा, मेनूत वर बेकन असतंच, त्यामुळे "ओहनं श्पेक" सांगायचं. ऑक्टोबरमध्ये सगळीकडे त्स्विबेलकूखेन म्हणजे कांद्याचा केक मिळतो आणि नावावरून तो शाकाहारी वाटतो पण बहुतेक वेळा आत बेकनचे तुकडे असतात, मी पहिल्या वर्षी फसले. त्याच्याबरोबर लोक नॉयर झ्यूसर पितात, म्हणजे अर्धवट आंबलेला द्राक्षरस, गोड लागतो पण ती दारूच आहे, आईंना रस समजून देऊ नका.

आणि एक खास बाडेनचा म्हणजे या भागातला पदार्थ, बिबेलेसकेस. आपला चक्का असतो ना अगदी तसा, त्यात कांद्याची पात आणि मीठ, बरोबर परतलेले बटाटे, त्याला ब्रेगेले म्हणतात. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा आठवडाभर तेच खात होत्या.

ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये किर्शवासर म्हणजे चेरीची दारू असतेच, इथे ती चव लागलीच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे आईंसाठी ॲपफेलकूखेन घ्या. गावातली हॉटेलं दुपारी दोनला किचन बंद करतात आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण बंद असतात, सोमवार-मंगळवार बघून जा. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा. डब्यात थेपले-चटणी असू द्या, लाज वाटून घ्यायची नाही.

रूळवेडा | ६ सप्टेंबर

घड्याळाचं राहिलं. बाबांना फुर्टवांगेनचं जर्मन घड्याळ संग्रहालय दाखवा, त्याची सुरुवात याच गेर्विगच्या संग्रहापासून झाली, तो तिथल्या घड्याळ शाळेचा पहिला डायरेक्टर होता. छपराच्या घरासारखं जे कुकू क्लॉक आपल्या डोळ्यासमोर येतं ते डिझाईन १८५० च्या स्पर्धेतून आलं, आयझेनलोर नावाच्या आर्किटेक्टने रेल्वे गार्डच्या चौकीवरून काढलं होतं. म्हणजे परत रेल्वेच!

विकत घेताना बॅटरीवालं घेऊ नका. मेकॅनिकल घ्या, त्यावर श्वार्त्सवाल्ड घड्याळवाल्यांच्या संस्थेचं सर्टिफिकेट असतं ते मागा. एक दिवसाचं म्हणजे रोज साखळी ओढायची, आठ दिवसांचं म्हणजे आठवड्यातून एकदा, पण वजनं जड आणि किंमत बरीच जास्त. बाबा भारतात नेणार असतील तर व्हॅट परत मिळतो, दुकानातच फॉर्म मागा, पासपोर्ट त्यांचा हवा.

पारिजातक | ७ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत लिहून घेतलं. हिंटरझार्टेनला बुकिंग केलं, कोनुस मिळतंय. आल्यावर नक्की लिहिते.

पारिजातक | ३० ऑक्टोबर

आलो! आई-बाबा काल मुंबईला पोचले. सांगितल्याप्रमाणे लिहायला बसलेय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

पहिला दिवस फ्रायबुर्ग. धुकं. म्हणजे इतकं की मुन्स्टर म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा ११६ मीटरचा मनोरा अर्ध्यापासून वर दिसतच नव्हता. आईला तरी बाजार आवडला, चर्चच्या भोवती शेतकरी बसतात, भोपळे, अक्रोड, चेस्टनट, आणि रस्त्याच्या कडेने वाहणारे ते छोटे पाट, बेख्ले, आईला घरामागच्या पाटाची आठवण आली. शेजारच्या स्टॉलवरच्या आजींनी बाबांना हातवारे करून सांगितलं की ज्याचा पाय बेख्लेत पडतो त्याचं लग्न फ्रायबुर्गच्या माणसाशी होतं, तर बाबा दिवसभर जपून चालत होते. पण दुपारपासून सगळे जरा गप्प झाले. चार दिवस असंच असलं तर काय, हे कुणी बोललं नाही पण माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, एवढ्या लांबून आणलं यांना आणि आता काय दाखवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंटरझार्टेनची ट्रेन. खिडकीबाहेर पांढरं. हिमेलराईख स्टेशनची पाटीसुद्धा नीट वाचता आली नाही. मग बोगदे सुरू झाले, कडे जवळ आले, गाडी चढतेय हे पाठीला कळत होतं, आणि रावेना पुलाच्या थोडं आधी एका बोगद्यातून बाहेर पडलो तर ऊन! स्वच्छ, पिवळं, डोळे दिपवणारं ऊन आणि निळं आकाश. डब्यातले सगळेच एकदम बोलायला लागले. आईने माझा हात धरला तो सुटेपर्यंत हिंटरझार्टेन आलं. स्वर्गात धुकं आणि नरक पार केल्यावर ऊन, बाबा हे वाक्य पुढचे दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

उतरल्यावर लगेच सामान ठेवलं आणि टिटीझेहून बसने फेल्डबेर्गला गेलो, रोपवेच्या केबिनमधून वर. १४९३ मीटर हा इथला सगळ्यात उंच डोंगर, गोंडोला अगदी माथ्यावर जात नाही, शेजारच्या झेबुकवर सोडते, पण आईसाठी तेवढं पुरे होतं. खाली संपूर्ण ऱ्हाईनची दरी ढगांनी भरलेली, वर कापसासारखी सपाट, त्यातून बाकीचे डोंगर बेटांसारखे वर आलेले, आणि दक्षिणेला आल्प्सची पूर्ण रांग, बर्फासकट. आम्ही तिथे दोन तास बसून होतो. प्लॅनमध्ये अर्धा तास होता. आई म्हणाली महाबळेश्वरला पावसाळा संपता संपता असं दिसतं पण तिथे दोन मिनिटांत पडदा पडतो, इथे हलतच नाहीये. नंतर कडीपत्ताला मेसेज करून विचारलं तर कळलं की थंड हवा जड, ती दरीत साचते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं, शरदात आणि हिवाळ्यात वारा नसला की दिवस-दिवस तसंच राहतं. म्हणून पुढे कुणी जाणार असेल तर माझं अगदी ठाम मत: ऑक्टोबरमध्ये खाली धुकं दिसलं तर हॉटेलात बसू नका, वर जा. सकाळी वेबकॅम बघा, शाउइन्सलांड आणि फेल्डबेर्ग दोन्ही डोंगरांचे आहेत.

तिसरा दिवस गाडी घेतली. उत्तरेला नाही गेलो, फार लांब पडलं असतं, लोथारफाड राहिला. ट्रिबेर्गचा धबधबा बघितला, सात टप्पे मिळून १६३ मीटर, तिकीट आहे. खालच्या गेटपासून थोडं चाललं की खालचे टप्पे दिसतात, आई तिथेच बाकावर बसली, बाबा आणि हे वरपर्यंत जाऊन आले. ऑक्टोबरमध्ये पाणी बेताचं होतं, आंबोली-ठोसेघर बघितलेल्या माणसाने खूप अपेक्षा ठेवू नये, पण भोवतीची झाडं प्रचंड उंच आणि त्यांच्यामधून खाली आलेलं तिरपं ऊन, त्यासाठी जा. आई बाकाखालच्या फांद्या उचलून सुया उलट्या करून बघत बसली होती, दोन रेघा आहेत का ते. आम्ही परत आलो तर तिने दोन ढीग केलेले, हा फर, हा स्प्रूस. कडीपत्ता, हे तुमच्यामुळे!

मग गुटाखचं म्युझियम, जुनी शेतघरं आणून उभी केलीयत, मूळचं एक घर १६१२ चं तिथेच आहे. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. एकाच प्रचंड छपराखाली माणसं, गुरं, वर गवत, चुलीचा धूर मुद्दाम घरात फिरवलेला म्हणजे लाकडाला कीड लागत नाही आणि वर टांगलेलं मांस धुरी लागून टिकतं. स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या कुळकुळीत. आई बराच वेळ तिथे उभी होती, तिच्या आजोळी कोयनेच्या खोऱ्यात असंच होतं, गोठा घरातच, धुरकटलेली आढी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे हिवाळ्यासाठी बंद होतं, तारीख बघून जा.

परतताना फुर्टवांगेनच्या वर ब्रेग नदीचा उगम. हे बाबांचं. १०७८ मीटरवर एका चॅपेलजवळ कुरणात छोटंसं कुंड, बस एवढंच. पण हे पाणी दान्यूब होऊन दहा देशांतून काळ्या समुद्रात जातं, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर उगम पावणारी एल्झ मात्र ऱ्हाईनला मिळून उत्तर समुद्रात. बाबा आयुष्यभर कृष्णेच्या घाटावर राहिलेले. ते म्हणाले, क्षेत्र महाबळेश्वरला सावित्री पश्चिमेला अरबी समुद्रात जाते आणि कृष्णा तिथूनच पूर्वेला निघून बंगालच्या उपसागरापर्यंत, हे तेच आहे. वाकून पाणी डोक्याला लावलं. मग जरा वेळ कुणी काही बोललो नाही, थंडी फार होती, पण निघावंसंही वाटत नव्हतं. (डोनाउएशिंगेनवाले म्हणतात खरा उगम त्यांच्याकडे, राजवाड्याच्या बागेत. त्यांचाही जुना दावा आहे, आम्ही तिथे गेलो नाही.)

चौथ्या दिवशी फक्त हिंटरझार्टेनच्या आजूबाजूला चाललो, बीचची तांबूस पानं, पायाखाली कुरकुर आवाज, दोन ठिकाणी लाल-पांढरे ठिपक्यांचे मश्रूम दिसले, ते विषारी, फक्त फोटो. खमंग, बिबेलेसकेस सलग तीन दिवस खाल्लं, आईने रेसिपी पण विचारून घेतली. एका ठिकाणी मात्र फोनवर शाकाहारी आहे म्हणून सांगितलेलं सूप आलं तर त्यात बेकन निघालं, आई उपाशीच उठली, डब्यातले थेपले कामी आले.

आणि लाल पानं? फारशी नाही दिसली. दरीत चेरीची काही झाडं दिसली, तेवढीच.

घाटवाट | ३० ऑक्टोबर

किती सुंदर लिहिलंय. फेल्डबेर्गवर दोन तास बसलात हे ऐकून फार बरं वाटलं. लोथारफाड पुढच्या वेळी, मुमेलझे बरोबर करा, त्या तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, आईंना जमेल.

कडीपत्ता | ३१ ऑक्टोबर

काकूंनी ढीग केले!! हे मी आमच्या प्रोफेसरांना सांगणार आहे. पुढच्या वेळी फ्रायबुर्गला आलात की मला कळवा, कायझरश्टूलला मी घेऊन जातो.

मोरपीस | ३१ ऑक्टोबर

दान्यूबचं वाचून अंगावर काटा आला. डॉइशलांड तिकीट काढलं होतं का तुम्ही?

पारिजातक | ३१ ऑक्टोबर

मोरपीस, आमच्या दोघांचं आहेच. आई-बाबांसाठी नाही काढलं, ते देशभरच्या लोकल गाड्यांचं महिन्याचं सबस्क्रिप्शन असतं, १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. श्टुटगार्टहून जाता-येता बाडेन-व्युर्टेमबेर्ग तिकीट घेतलं, पाच जणांपर्यंत चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. तिथे पोचल्यावर कोनुस.

रूळवेडा | १ नोव्हेंबर

ताई, घड्याळाचं काय झालं? ते लिहिलंच नाहीत!

पारिजातक | ९ नोव्हेंबर

रूळवेडा दादा, घेतलं! एक दिवसाचं, साधं, पानं कोरलेलं. बाबांनी मुद्दाम एक दिवसाचंच घेतलं, रोज रात्री साखळी ओढायला हवीय म्हणाले. वजनं बॅगेत, घड्याळ हातात धरून विमानात नेलं. वाईला देवघराच्या समोरच्या भिंतीवर लावलंय. पण रोज सात-आठ मिनिटं मागे पडतंय म्हणून बाबा काळजीत आहेत, मशीन बिघडलं का प्रवासात?

रूळवेडा | ९ नोव्हेंबर

नाही नाही, बिघडलेलं नाही. लंबकावर लाकडी पान असतं ते किंचित वर सरकवायला सांगा, अगदी एक मिलिमीटर, मग एक दिवस थांबून बघायचं आणि परत गरज पडली तर अजून थोडं. पान वर गेलं की घड्याळ जलद चालतं. त्याआधी टिकटिक ऐकायची, टिक आणि टिक यांच्यामधलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर घड्याळ भिंतीवर तिरकं लागलंय, खालून थोडं डावी-उजवीकडे सरकवून सारखं करायचं.

पारिजातक | १२ नोव्हेंबर

तिरकंच होतं! बाबांनी फोन कानाला लावून मला टिकटिक ऐकवली, आता सारखी येतेय. पान दोनदा सरकवलं, काल दिवसभरात एकच मिनिट मागे पडलं.